झाड तळ्यात गेलं त्याची गोष्ट, म्हणजेच जीआयएस मायनर घ्यावं का

कॉलेजच्या आवारातली झाडं नकाशावर मांडायचा आमचा प्रोजेक्ट होता, त्यातलं ११७ नंबरचं झाड तळ्याच्या मधोमध उभं होतं. नकाशावर. प्रत्यक्षात ते वाचनालयाच्या मागच्या भिंतीला खेटून आहे. मी स्वतः त्याला टेप गुंडाळून घेर मोजलाय, मुंग्या चावून घेतल्यात आणि फोनवर त्याची जागा नोंदवलीये. मॅडमनी प्रोजेक्टरवरचा नकाशा बघितला, चष्मा वर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "हे कमळाचं झाड का गं?"

वर्ग हसून लोळला. पुढचे तीन दिवस ते झाड तळ्यातून बाहेर काढण्यात गेले.

माझा मुख्य विषय संख्याशास्त्र. मायनर म्हणून भूस्थानिक माहितीशास्त्र, म्हणजे जागांची माहिती संगणकावर नकाशांतून हाताळायचं शास्त्र घेतलं: चार सेमिस्टर, सहा पेपर आणि शेवटी एक प्रोजेक्ट. गुणपत्रिकेवर हे भारदस्त नाव येतं, तोंडी मात्र सगळे "जीआयएस"च म्हणतात. ज्युनियर मुलं जिन्यात गाठून विचारतात, "ताई, जीआयएस घेऊ का? सोपं असतं ना?" जिन्यात मावेल तेवढं सांगते. उरलेलं इथे.

आधी नावाचं बघू, कारण माझी सगळी भांडणं त्या नावातच आहेत. जीआयएस म्हणजे जिओग्राफिक इन्फॉर्मेशन सिस्टिम. म्हणजे शेवटच्या "एस"चा मूळ अर्थ सिस्टिम. १९६० च्या दशकात कॅनडाला आपल्या प्रचंड जमिनीची नोंद ठेवायची होती, आणि रॉजर टॉमलिन्सन यांनी त्यासाठी संगणकावर चालणारी व्यवस्था उभी केली. ती पहिली म्हणतात. पुढे १९९२ मध्ये भूगोलतज्ज्ञ मायकेल गुडचाइल्ड यांनी एका लेखात मांडलं की या "एस"चा अर्थ सायन्सही असायला हवा. यंत्रणा वापरता येणं एक, आणि पृथ्वीवरच्या गोष्टी आकड्यांत पकडताना काय निसटतं याचा अभ्यास करणं दुसरं. आमच्या अभ्यासक्रमाच्या मुखपृष्ठावर शास्त्र छापलंय. आत कधी शास्त्र मिळतं, कधी नुसतीच यंत्रणा. ज्या पेपरात "का" शिकवलं तो मला आवडला, ज्यात "आता उजवीकडून तिसऱ्या बटणावर क्लिक करा" शिकवलं तो विसरले. माझी गुण द्यायची फूटपट्टी एवढीच.

पहिला पेपर सगळ्यांना रडवतो आणि तोच सगळ्यात चांगला आहे. प्रोजेक्शन, म्हणजे प्रक्षेपण. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची तर काहीतरी बिघडणारच: क्षेत्रफळ, आकार, अंतर किंवा दिशा. सगळं एकदम सांभाळता येत नाही, आणि काय बिघडू द्यायचं हे आपण ठरवायचं असतं. मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ साली खलाशांसाठी जो नकाशा काढला त्यात दिशा सांभाळल्या. जहाज एकाच दिशेने हाकत नेलं तर त्याचा मार्ग नकाशावर सरळ रेषा होतो. त्याची किंमत क्षेत्रफळाने मोजली. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसायचं ते याच कुळातल्या प्रक्षेपणामुळे. आफ्रिका प्रत्यक्षात त्याच्या जवळपास १४ पट मोठी आहे. आपल्या फोनमधले बहुतेक नकाशे आजही मर्केटरच्याच नातवंडांवर चालतात. ६० अंश अक्षांशावर तिथे अंतर दुप्पट दिसतं आणि क्षेत्रफळ चौपट.

हे ऐकताना मजा वाटते. मग प्रॅक्टिकल येतं.

मला पाण्याच्या टाकीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढायचं होतं. याला बफर म्हणतात. ५०० टाकलं, एंटर दाबलं, आणि सगळा पडदा गुलाबी झाला. वर्तुळ कुठेच दिसेना. झूम आउट करत करत मी पृथ्वीच्या बाहेर पडले तरी गुलाबीच. डेटा अक्षांश-रेखांशांत होता, त्यामुळे सॉफ्टवेअरने ५०० म्हणजे ५०० अंश समजून घेतले. अख्खी पृथ्वी ३६० अंशांत संपते. टाकीने मात्र पृथ्वी व्यापून वर आणखी जागा घेतली होती. शेजारच्या मुलाने कॉलेजच्या आवाराचं क्षेत्रफळ काढलं तर उत्तर ०.००००२ आलं. कसलं? चौरस अंशांचं. चौरस अंश नावाच्या एककाला काही अर्थच नाही. अक्षांशाचा एक अंश सगळीकडे साधारण १११ किलोमीटर असतो, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढा असतो आणि ध्रुवाकडे जाता जाता शून्य होतो.

उपाय म्हणजे मीटरमध्ये बोलणारं प्रक्षेपण घ्यायचं. बहुतेक जण यूटीएम घेतात. त्यात पृथ्वीच्या ६ अंश रुंदीच्या ६० उभ्या पट्ट्या केलेल्या असतात आणि आपली पट्टी निवडायची. इथे दुसरा खड्डा येतो, आणि वर्गातले निम्मे त्यात पडतात. डेटाला प्रक्षेपण "लावणं" आणि डेटाचं प्रक्षेपण "बदलणं" ही दोन वेगळी कामं आहेत, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्यांची बटणं सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. सरांनी हे तापावरून समजावलं. १०२ फॅरनहाइट ताप म्हणजे ३८.९ सेल्सिअस, हा झाला बदल. पण आकडा १०२ च ठेवून पुढे फक्त सेल्सिअस लिहिलं तर पेशंट उकळायला लागतो. त्यानंतर मी हे कधी चुकले नाही. अख्ख्या मायनरमधलं एक वाक्य ठेवायला सांगितलं तर मी तो उकळणारा पेशंट ठेवीन.

या प्रक्षेपणांना ईपीएसजी क्रमांक असतात. ४३२६ म्हणजे साधे अक्षांश-रेखांश, ३८५७ म्हणजे वेबवरचे नकाशे. ईपीएसजी म्हणजे युरोपियन पेट्रोलियम सर्व्हे ग्रुप. तेल शोधणाऱ्यांना आपली विहीर नेमकी कुठे आहे याचं भान ठेवावं लागायचं, त्यांनी ही यादी केली आणि आज सगळं जग ती वापरतं. मला अशा गोष्टी फार आवडतात. परीक्षेत त्या येत नाहीत. परीक्षेत येतं, "जीआयएसचे घटक सांगून प्रत्येकाचे महत्त्व विशद करा."

दुसरा पेपर डेटाबेसचा. ठीक. व्हेक्टर म्हणजे बिंदू, रेषा, बहुभुज. रास्टर म्हणजे चौकटीचौकटींचं जाळं. एवढं कळलं की पेपर पार. फक्त शेपफाइल नावाच्या प्रकाराबद्दल सावध करते. नावात एक फाइल असली तरी ते तीन-चार फाइलींचं कुटुंब असतं, आणि त्यातलं एक माणूस घरी राहिलं की बाकीचे बोलत नाहीत. माझ्या जोडीदाराने मला मेलवर फक्त .एसएचपी पाठवली आणि निवांत झोपला. शिवाय त्यात रकान्याचं नाव १० अक्षरांपर्यंतच टिकतं. माझ्याकडे घेराचे दोन रकाने होते, एक छातीच्या उंचीवरचा आणि एक बुंध्यापाशीचा. रोमन अक्षरांतली लांबलचक नावं, आणि पहिली दहा अक्षरं नेमकी सारखी. सेव्ह केल्यावर दोन्ही कापली गेली आणि एकाच्या शेपटीला आकडा चिकटला. कुठला रकाना कुठला हे ठरवायला पुन्हा टेप घेऊन सहा झाडं मोजली. त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइलीचा प्रकार वापरा. एकच फाइल, लांब नावं चालतात. शिकवणारे सवयीने शेपफाइलच देतात. आपण आपली बदलून घ्यायची.

तिसरा पेपर रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहातून लांबूनच पृथ्वी न्याहाळणं. आमच्याकडे याला उंटावरून शेळ्या हाकण्याचा पेपर म्हणतात, फक्त इथला उंट सातशे-आठशे किलोमीटर उंच आहे. खरं सांगायचं तर मी प्रेमात पडले ती इथे. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह जुलै १९७२ मध्ये गेला आणि तेव्हापासून पृथ्वीची चित्रं साठत आलीत. २००८ पासून तो सगळा साठा फुकट आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रंही फुकट, आणि त्यात काही बँडमध्ये (प्रकाशाच्या पट्ट्यांमध्ये) एक पिक्सेल १० मीटरचा असतो. लँडसॅटचा ३० मीटरचा. घरबसल्या, एक पैसा न देता, तुम्ही जन्मलात त्या वर्षी तुमच्या आवडत्या नदीचं पात्र कुठून वाहत होतं ते बघू शकता. या एका गोष्टीसाठीसुद्धा हा पेपर घ्यावा.

पण पहिल्याच दिवशी मी २००४ मधलं लँडसॅट-७ चं चित्र उतरवलं तर त्यावर तिरक्या काळ्या पट्ट्या. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड गेलं असं वाटून मी रात्रभर ड्रायव्हर बदलत बसले. सकाळी कळलं की ३१ मे २००३ रोजी त्या उपग्रहातला एक भाग बंद पडला, आणि त्यानंतरच्या प्रत्येक चित्रातला सुमारे २२ टक्के डेटा गळालेला असतो. लॅपटॉप ठणठणीत होता. प्रयोगाच्या छापील वहीत याची एक ओळ असती तर माझी झोप वाचली असती.

एनडीव्हीआय, म्हणजे उपग्रहचित्रातून हिरवळ मोजायचा आकडा, त्याची गंमत सांगते. हिरव्या पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, आणि पानाच्या आतल्या पेशींची रचना जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकते. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर उणे एक ते अधिक एकच्या मध्ये येतं. दाट झाडी असेल तर एकाकडे झुकतं. सूत्र चौथीतल्या मुलाला जमेल. आम्ही ते आमच्या आवारावर चालवलं. साध्या फोटोत सगळ्यात हिरवंगार दिसणारं खेळाचं मैदान एनडीव्हीआयमध्ये डांबरी रस्त्याच्या पंगतीत जाऊन बसलं. आम्हाला वाटलं सूत्र चुकलं. तीनदा तपासलं. मग कोणीतरी आठवण करून दिली की ते गवत प्लॅस्टिकचं आहे. आम्ही रोज त्यावर बसतो! डोळे फसले, अवरक्त फसलं नाही. वर्गातला त्या वर्षीचा सर्वात आनंदाचा तास तो.

उलटही होतं. अवरक्तालाही फसवता येतं. दहा मीटरच्या एका पिक्सेलमध्ये अर्धं झाड, पाव रस्ता आणि पाव सावली असली की जे उत्तर येतं ते कोणाचंच नसतं. आमच्या गटाने जमिनीच्या वापराचं वर्गीकरण केलं, "अचूकता ९१ टक्के" असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सादर केलं. संख्याशास्त्राची सवय म्हणून मी प्रत्येक वर्ग वेगळा तपासला, तर पाणथळ जागांपैकी निम्म्याही सापडल्या नव्हत्या. बहुतेक भाग मोकळं मैदान असल्याने एकूण टक्केवारी फुगली होती. गटातली मैत्रीण म्हणाली, "तू आपल्या बाजूची आहेस की नाही?" शेवटी आम्ही दोन्ही आकडे लिहिले आणि गुण कापले गेले नाहीत. याबद्दल मॅडमना शंभर मार्क.

आता चौथा पेपर, अवकाशीय संख्याशास्त्र. मी हा मायनर ज्याच्यासाठी घेतला नव्हता पण ज्याच्यासाठी पुन्हा घेईन तो हा.

माझ्या मुख्य विषयात पहिल्या वर्षापासून एक गृहीतक तोंडपाठ करून घेतात: निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. इथे पहिल्याच तासाला ते गृहीतक दाराबाहेर. भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टॉबलर यांनी १९७० साली मांडलेला भूगोलाचा पहिला नियम असा की सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्यांचा लांबच्यांपेक्षा जास्त. शेजारच्या दोन झाडांना माती एक, पाणी एक, लावणारा हात एक आणि लावल्याचं वर्षही बहुधा एकच. ती दोन झाडं मोजून मला दोन स्वतंत्र माहित्या मिळत नाहीत. दीड मिळते, कधी सव्वा.

मी झाडांचा घेर आणि टाकीपासूनचं अंतर यांचं साधं रिग्रेशन केलं होतं, म्हणजे एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणारं मॉडेल. पी-मूल्य (ते जितकं लहान तितका निष्कर्ष पक्का मानतात) इतकं लहान की लगेच घरी फोन करावासा वाटला. सरांनी उरलेल्या चुका, म्हणजे मॉडेलचा अंदाज आणि खरा घेर यांतला फरक, नकाशावर टाकायला सांगितल्या. टाकल्या, तर लाल ठिपके एका कोपऱ्यात घोळका करून, निळे दुसऱ्या कोपऱ्यात. शेजारच्या आकड्यांत किती सारखेपणा आहे ते सांगणारा मोरान्स आय काढला, ०.४१. म्हणजे चुकांमध्येही शेजारपण होतं. शेजारपण हिशेबात घेऊन पुन्हा मॉडेल चालवलं आणि अंतराचा प्रभाव जवळपास नाहीसा झाला. टाकीचा काही संबंध नव्हता. टाकीजवळची रांग आधी लावली होती, एवढंच. सर म्हणाले, "तुझ्या मेजरवाल्यांना हे सांग." मी सांगितलं. मेजरवाले सर म्हणाले, "अभ्यासक्रमात नाही."

याच पेपरात सीमारेषांचा घोटाळा शिकलो. तोच डेटा, तीच माणसं, पण विभाग वेगळे पाडले की उत्तर वेगळं येतं. ओपनशॉ आणि टेलर या संशोधकांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) वेगवेगळ्या पद्धतीने एकत्र जोडून बघितल्या. रिपब्लिकन पक्षाच्या मतांची टक्केवारी आणि वृद्धांची टक्केवारी यांचा सहसंबंध कधी ठळक ऋण येई, कधी ठळक धन. हवं ते उत्तर काढून देणाऱ्या सीमा सापडतात. हे वाचल्यापासून वर्तमानपत्रातला जिल्हावार रंगवलेला कुठलाही नकाशा मी आधी संशयाने बघते. घरचे म्हणतात, जेवताना तरी नकाशाशी भांडू नकोस.

आणि डॉ. जॉन स्नो. जीआयएसच्या कुठल्याही पहिल्या तासाला हे गृहस्थ येतातच. १८५४, लंडनचा सोहो भाग, कॉलरा, ब्रॉड स्ट्रीटवरचा पंप. आमच्या स्लाइडवर गोष्ट अशी होती: त्यांनी मृत्यू नकाशावर मांडले, पंप सापडला, पंपाचा दांडा काढला, साथ थांबली. टाळ्या. चौथ्या पेपरात सरांनी त्या स्लाइडचा कीस काढला. दांडा निघाला ८ सप्टेंबरला, तेव्हा साथ आधीच ओसरत होती, आणि स्नो यांनीच तसं लिहून ठेवलंय. तो प्रसिद्ध नकाशाही दांडा निघाल्यानंतरचा. १८५५ मध्ये त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो छापला गेला. पाण्यावर त्यांचा संशय कितीतरी आधीपासून होता. मला त्या गोष्टीतली बिनकॉलऱ्याची माणसं जास्त महत्त्वाची वाटतात. शेजारच्या बीअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते पंपाचं पाणी पीत नव्हते. गरिबांना ठेवायच्या जवळच्या कार्यगृहात स्वतःची विहीर होती, तिथेही मृत्यू कमीच. ठिपके कुठे आहेत यापेक्षा कुठे असायला हवे होते आणि नाहीत, हे बघायला त्या माणसाने दारोदार फिरून चौकशी केली. पहिल्या पेपरातली स्लाइड अजून तशीच आहे म्हणे.

पाचवा पेपर ऐच्छिक. मी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घेतली. वेब मॅपिंगवाल्यांचे नकाशे दिसायला देखणे झाले, आमचं काम झालं. जे काम बटणं दाबत दीड तास चालायचं ते बारा ओळींत बसलं, आणि चूक निघाली तर पुन्हा दीड तास नाही. प्रोग्रॅमिंगची भीती असेल तरी हाच घ्या.

आता राग. प्रयोगशाळेची वही कधीतरी कुणीतरी स्क्रीनशॉट चिकटवून बनवलेली आहे, आणि त्यातली बटणं आताच्या आवृत्तीत त्या जागी नाहीत. त्यामुळे पहिली वीस मिनिटं "मॅडम, माझ्याकडे ते दिसत नाही" यात जातात. परवान्याचं महागडं सॉफ्टवेअर फक्त लॅबमधल्या यंत्रांवर, लॅब पाचला बंद. क्यूजीआयएस हे तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे, २००२ पासून जगभरचे लोक मिळून ते वाढवतायत, घरच्या लॅपटॉपवर चालतं. तरी आमच्याकडे ते "जमलं तर बघा" या सदरात. मी सगळा प्रोजेक्ट त्यातच केला आणि कुठे अडलं नाही. लॅपटॉप मात्र ८ जीबीचा असेल तर उपग्रहचित्रांच्या वेळी तो घामाघूम होतो. आपल्या भागापुरता तुकडा आधी कापून घ्या, मग कामाला लागा.

दुसरा राग मोठा आहे. सहाव्या पेपरात नीतिमत्तेला दोन तास. दोन! आणि तेही शेवटच्या आठवड्यात, निम्मा वर्ग गैरहजर असताना.

आमच्याच बॅचने दुसऱ्या सेमिस्टरला एक असाइनमेंट केलं होतं. आठवडाभर फोनवर आपली जागा नोंदवायची, नाव काढून टाकायचं, फाइल जमा करायची. बावीस निनावी फाइली. मग आम्ही गंमत म्हणून कोणती कोणाची ते ओळखायला बसलो. रात्री दोन वाजता बिंदू कुठे स्थिर आहे ते बघितलं की राहायची जागा कळते. सकाळी आठला कुठे जातो ते बघितलं की वर्ग कळतो. पंधरा मिनिटांत एकोणीस जण सापडले. एकाच्या फाइलमध्ये दर संध्याकाळी एका दवाखान्याचा थांबा होता. खोलीतला आवाज एकदम बंद झाला. आम्ही फाइल बंद केली, कोणी काही बोललं नाही, आणि त्या मुलाला आम्हाला काय दिसलं ते अजून माहीत नाही.

शेवटच्या त्या दोन तासांत कळलं की यावर २०१३ मध्येच रीतसर अभ्यास झाला होता. १५ लाख लोकांच्या मोबाइलच्या नोंदींमध्ये जागा आणि वेळ यांचे फक्त चार बिंदू कळले तरी ९५ टक्के माणसं एकेकटी वेगळी काढता येत होती. हे आम्हाला असाइनमेंट देण्याआधी सांगायला हवं होतं. मी अभिप्रायाच्या फॉर्मवर तसं लिहिलं. पुढच्या बॅचला तेच असाइनमेंट आलं.

नोकरीचं विचाराल. मार्गदर्शनाच्या भाषणात पाहुणे सांगून गेले की या क्षेत्रात कामच काम आहे. असेलही. पण ज्यांनी पूर्ण पदवी यात केलीये त्यांच्यासमोर आपले सहा पेपर काय लागतात? मला इंटर्नशिप मिळाली ती "जीआयएस येतं" म्हणून नाही. मुलाखतीत मी टाकी आणि झाडांच्या त्या फसलेल्या रिग्रेशनची गोष्ट सांगितली, त्यावर पाऊण तास बोलणं झालं. आमच्यातली जीवशास्त्राची मुलगी वटवाघळांच्या वसाहती नकाशावर मांडत होती, इतिहासवाला जुने नकाशे आजच्या नकाशावर ताणून बसवत होता. या दोघांचं सोनं झालं. "मेजर कंटाळवाणा आहे, मायनर तरी भारी घेऊ" म्हणून आलेले तिसऱ्या सेमिस्टरला हात टेकून बसले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? प्रश्न मेजरमधून आणावा लागतो. हा मायनर फक्त विचारतो, कुठे?

गुण द्यायचेच तर: पहिला, तिसरा आणि चौथा पेपर डोळे मिटून घ्या. पाचव्यात पायथॉन. दुसरा सहन करा. सहाव्याचे दोन तास चुकवू नका, पहिल्या बाकावर बसा. एकंदर पाचपैकी साडेतीन, आणि चौथ्या पेपरातले सर बदलले तर अडीच.

आता ते झाड. मोकळ्या आभाळाखाली चांगल्या फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. ११७ नंबरला वर पानांचं छत आणि बाजूला तीन मजली भिंत. उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून फोनकडे येतो, वाट लांबते, आणि फोनला वाटतं आपण लांब आहोत. तळं तिथून जेमतेम बारा मीटरवर. फोन बिचारा खोटं बोलत नव्हता, सोबत "अचूकता १८ मीटर" असंही लिहून देत होता. आम्हीच तो रकाना नको म्हणून उडवला होता. शेवटी इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून टेपने अंतरं मोजली आणि झाड भिंतीपाशी आणून उभं केलं. असं एकूण तेवीस झाडांचं करावं लागलं.

नकाशा छापून वाचनालयाबाहेर लावला. माळीकाका आले, चष्मा नव्हता म्हणून अगदी नाक लावून त्यांनी तो बघितला. त्यांनी लावलेली झाडं ओळखत बोट फिरवत गेले आणि ६४ वर थांबले.

"हे कुठंय आता? गेल्या पावसात पडलं की."

आम्ही मोजलं तेव्हा ते होतं. मी टेबलमध्ये "मोजल्याची तारीख" नावाचा रकाना घातला. आधी तो नव्हता.